चाल : पान १४ प्रमाणे

आमच्या माहेरच्या घरी आजोबांची एक आरत्यांची वही आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, दुकानात हिशेबाला वापरतात तसली उभी वही, चवथीला ती देवखोलीतल्या कपाटातनं बाहेर येते आणि विसर्जन झालं की परत आत जाते. आम्ही घरात बोलतो कोंकणी, पण आरत्या, भजनं, पोथ्या सगळं मराठीत, गोव्यात फोंड्याकडच्या पुष्कळ घरांत असंच आहे, त्यामुळे मी मराठी वाचायला शाळेत शिकले का ह्या वहीत हे मला आजही नक्की सांगता येत नाही. माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीखाली, बसायचं, एका बाजूला घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि कासाळें, म्हणजे झांजा, घेऊन काका आणि चुलत भाऊ, आणि आम्ही पोरं वहीभोवती डोकी जमवून. पान उलटायचं काम माझं.

आणि पान उलटणं हे त्या वहीत सोपं काम नव्हतं, कारण आजोबांनी समासात लाल शाईने ठिकठिकाणी लिहून ठेवलंय, ‘चाल : पान १४ प्रमाणे’, ‘धृपद मागील’, ‘उरलेली कडवी पान ३७ वर पहा’. एकेका चालीवर पाच-सहा आरत्या बसवलेल्या असायच्या, मग प्रत्येक ठिकाणी चाल कशी समजवणार, एकदा जिथं लिहिली तिथं बोट दाखवायचं, झालं. घुमटवाल्याला पुढची चाल बदलणार आहे हे आधी कळावं लागतं, नाहीतर ठेका सुटतो आणि सगळी आरती विस्कटते, म्हणून त्या लाल ओळी फार महत्त्वाच्या.

पण मी दहा वर्षांची असेन तेव्हापासून मला माहितीय की पान १४ वर ती चाल नाही. तिथं नैवेद्याची यादी आहे. कारण आजोबा असतानाच कधीतरी वही उसवली, नवी बांधून घेतली, बांधताना पुढं चार पानं जास्तीची घातली आणि कुणीतरी पानांचे आकडे नव्याने टाकले. समासातले आकडे मात्र तसेच राहिले. काका सांगायचे, ‘चार मिळव’. म्हणजे १४ लिहिलंय तर १८ उघडायचं. आणि पान ४० च्या पुढं दोनच मिळवायचे, कारण मधलं एक पातं, म्हणजे दोन पानं, वाळवीने खाल्ली. हे गणित आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, बाहेरून आलेल्या सुनांना-जावयांना ते पहिल्या चवथीला सांगावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मी ती वही टाइप करायला घेतली. वहीचे कोपरे तुटायला लागलेत, शाई फिकी झालीय, आणि आता घरातली निम्मी माणसं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात, चवथीला येतात तेव्हा प्रत्येकाच्या हातात फोन असतो, वही एकच. मी कॉलेजात गणित शिकवते, एमेस्सीच्या प्रोजेक्टला लाटेक, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईसाठी मजकूर मांडायचा प्रोग्रॅम, शिकले होते, तेव्हा म्हटलं तेच वापरूया, देवनागरीसाठी त्याचं झीलाटेक म्हणून रूप आहे, युनिकोडमध्ये सरळ मराठी टाइप करायचं, फाँट सांगायचा आणि पीडीएफ बनवायची. टाइप करायला एक पावसाळा गेला. आणि त्या लाल शाईच्या ओळींशी येऊन मी थांबले, कारण ‘पान १४’ ह्याचं आता करायचं काय?

माझ्या फाइलमध्ये तर पान १४ वर भलतंच काही होतं, आणि अजून फाँट थोडा मोठा केला की तेही सरकणार. तर लाटेकमध्ये ह्याचं उत्तर फार जुनं आणि फार सुंदर आहे. टेक हा मूळ प्रोग्रॅम डॉनल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये आणला, त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक रचलं, आणि त्यात लॅम्पोर्टनी एक साधी जोडी दिली, लेबल आणि रेफ. ज्या जागेकडे बोट दाखवायचं तिथं लेबल लावायचं, म्हणजे त्या जागेला आपण एक नाव द्यायचं, समजा ‘गणपती-संथ-चाल’. आणि जिथून बोट दाखवायचं तिथं आकडा लिहायचाच नाही, त्या नावाचा रेफ लिहायचा. पानाचा आकडा हवा तर पेजरेफ. आकडा काय ते मशीन बघेल.

मशीन तरी कसं बघतं? पहिल्यांदा फाइल चालवली की ते सगळी पानं मांडत जातं आणि प्रत्येक लेबलपाशी आलं की बाजूच्या एका छोट्या फाइलमध्ये टिपून ठेवतं, हे नाव, हा क्रमांक, हे पान. त्या फाइलीला ऑक्स म्हणतात. पण त्याच वेळी वरच्या पानांवर जे रेफ येऊन गेले त्यांना उत्तर देता आलेलं नसतं, कारण टिपण अजून झालेलंच नव्हतं, म्हणून तिथं ते दोन प्रश्नचिन्हं छापतं, ठळक अक्षरात. ?? असं. मग तुम्ही तीच फाइल दुसऱ्यांदा चालवायची, आता ते आधी टिपण वाचून घेतं आणि प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे बसतात. आणि आकडे बसल्यामुळे ओळी सरकून एखादं पान पुढंमागं झालं तर तेच सांगतं की लेबलं बदलली असावीत, पुन्हा चालवा. माझ्या विद्यार्थ्यांना हे दाखवताना त्यांना नेहमी वाटतं की एकदाच चालवून का होत नाही, तर विचार करा ना, पुढं काय येणार आहे ते पुढं गेल्याशिवाय कसं कळणार. आजोबांनीसुद्धा ‘पान ३७ वर पहा’ हे पान ३७ लिहून झाल्यावर मागं येऊनच लिहिलं असणार, ती शाई वेगळी आहे हे वहीत स्पष्ट दिसतं.

इथं मला एक गोष्ट कळली जी मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखी केली होती. आपल्या जुन्या ग्रंथांत कुणी पानाचा आकडा सांगतच नाही. ज्ञानेश्वरीचा दाखला द्यायचा तर अध्याय आणि ओवी. कुणाकडे मोठ्या टायपातली प्रत असेल, कुणाकडे खिशातली, पान वेगळं, ओवी तीच. आणि आमच्या गोव्यातलंच उदाहरण घ्या, भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत, त्यानंतर १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोनदा. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. म्हणजे त्यातलं एकूण एक पान गेलं. पण ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला, आणि आज अभ्यासक त्यातली जागा दाखवतात ती अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि ओवीच्या क्रमांकाने, रोमन प्रतीत बघा नाहीतर देवनागरीत बघा, जागा सापडते. खूण मजकुराला बांधलेली आहे, कागदाला नाही. आजोबांनी ती कागदाला बांधली, म्हणून आम्ही चार मिळवत बसलो.

तर लेबल-रेफ झालं, आकडे बरोबर यायला लागले. पण फोनवर पान १८ लिहिलेलं दिसलं तरी तिथं जायचं म्हणजे बोटाने सरकवत सरकवत जायचं, तोवर कडवं संपतं. म्हणून हायपररेफ. हे लाटेकचं एक पॅकेज, ते फाइलच्या सुरुवातीला मागवलं की तेच सगळे रेफ आपोआप क्लिक करता येणारे होतात, तुम्हाला मजकुरात वेगळं काही करावं लागत नाही. नव्वदच्या दशकात सेबॅस्टियन रात्झ यांनी ते लिहायला घेतलं. त्यांची मूळची वाट पुरातत्त्वाची, आणि मला हे फार आवडतं की जमिनीखालच्या थरांत काय कुठं सापडलं ह्याची नोंद ठेवणाऱ्या क्षेत्रातल्या माणसाने हे काम केलं. २०१६ मध्ये ते गेले. पॅकेज नंतर हायको ओबरडीक यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं आणि आता लाटेकची टीम सांभाळते. हे लोक आपल्याला माहीतही नसतात आणि आपल्या घरातली आरती त्यांच्या जिवावर चालते.

पीडीएफमध्ये लिंक म्हणजे नेमकं काय असतं हे एकदा समजलं की अर्धे घोटाळे सुटतात. आपल्याला वाटतं अक्षरांनाच लिंक आहे. तसं नसतं. पानावर एक अदृश्य चौकोन ठेवलेला असतो, त्याच्या चार कडा कुठं आहेत ते फाइलमध्ये लिहिलेलं, आणि त्या चौकोनात बोट पडलं तर अमुक पानावरच्या अमुक उंचीला जा एवढी सूचना. अक्षरं चौकोनाखाली नुसती पडलेली असतात. हायपररेफ सुरुवातीला त्या चौकोनाला रंगीत रेघ घालतं, आतल्या लिंकना लाल, संदर्भग्रंथांना हिरवी, बाहेरच्या वेबपत्त्यांना आकाशी. ती बघून पुष्कळजण दचकतात की पुस्तक विद्रूप झालं, पण ती रेघ फक्त स्क्रीनवर, कागदावर छापली जात नाही. उलट रेघ काढून अक्षरांनाच रंग दिला तर तो रंग कागदावर येतो. मी हौसेने निळा दिला होता आणि साध्या काळ्या प्रिंटरवर काढलेल्या प्रतींत नेमक्या चालीच्या ओळी फिक्या राखाडी आल्या, देवखोलीतल्या समईच्या उजेडात कुणालाच वाचता येईनात. आता मी दोन फाइली काढते, फोनसाठी रंगीत आणि कागदासाठी सगळं काळं.

पहिली मोठी अडचण वेगळीच आली. मी आरत्यांची शीर्षकं माझ्या हाताने सजवली होती, मोठा टाइप, मधोमध, बाजूला फूल. दिसायला छान. त्याच्याखाली लेबल लावलं. क्लिक केलं तर प्रत्येक आरती मला गणपतीच्या विभागाच्या पहिल्या पानावर नेऊन सोडायला लागली, कुठलीही दाबा, तिथंच. दोन संध्याकाळी गेल्या ह्यात. कारण असं की लेबलला स्वतःची अक्कल नसते, ते त्याच्या आधी शेवटचा जो क्रमांक मोजला गेला त्याला चिकटतं. माझ्या सजवलेल्या शीर्षकाला क्रमांकच नव्हता, मग ते मागं मागं जात विभागाच्या क्रमांकाला जाऊन चिकटायचं. ह्याला एक उपाय आहे फँटमसेक्शन नावाचा, न दिसणारी खूण रोवायची. ती मी शीर्षकाच्या खाली रोवली तर स्क्रीन उघडायची पहिल्या ओळीपासून आणि आरतीचं नाव वर निघून गेलेलं. शीर्षकाच्या वर रोवली तर दोन ठिकाणी असं झालं की खूण आधीच्या पानाच्या तळाशी राहिली आणि शीर्षक ढकललं गेलं पुढच्या पानावर.

शेवटी जे करायला हवं होतं ते केलं, प्रत्येक आरतीला खराखुरा क्रमांक दिला. मोजला जाणारा क्रमांक असला की हायपररेफ त्याच्यासोबत खूण आपोआप रोवतं.

आणि क्रमांक दिल्यावर घरात वेगळाच फायदा झाला, काका आता पान सांगत नाहीत, ‘तेवीस’ म्हणतात, फोनवाले आणि कागदवाले दोघंही तेवीसवर येतात. पण मग पुढच्या वर्षी आत्येच्या घरून एक जुनी आरती मिळाली, ती देवीच्या विभागात मधेच बसणारी. लाटेकला काय, मधे घातली की पुढचे सगळे आकडे आपोआप एकने वाढतात, सगळे रेफ बरोबर. पण गेल्या वर्षीच्या छापील प्रती लोकांच्या घरी आहेत ना! त्यांची तेवीस आणि माझी तेवीस वेगळी झाली की पुन्हा आलंच ‘एक मिळव’. म्हणून मी ठरवलंय, दिलेला क्रमांक बदलायचा नाही, नवीन आरती कितीही योग्य जागेची असली तरी शेवटी पुरवणीत, आणि तिच्या योग्य जागेवर फक्त एक लिंक. ओवीचे आकडे असेच टिकलेत.

मराठीची म्हणून एक अडचण आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. हायपररेफमध्ये ऑटोरेफ आहे, ते क्रमांकाआधी शब्दही स्वतः घालतं, इंग्रजीत सेक्शन तीन, फिगर पाच वगैरे. मराठी शब्द नेमून देता येतात, मी दिले पण. पण आपली भाषा तिथं थांबते कुठं? आपल्याला ‘आरती १२’ नको असतं, आपल्याला हवं असतं ‘बाराव्या आरतीच्या चालीवर’, ‘आरतीत’, ‘पानावर’, ‘कडव्यानंतर’. शब्द आला की त्याला विभक्ती लागते, विभक्ती लागली की शब्दाचं सामान्यरूप होतं, कडवं चं कडव्या, पान चं पाना, आणि हे त्या पॅकेजला ठाऊक नाही, असायचं कारणही नाही. क्लेव्हररेफ म्हणून त्याहून हुशार पॅकेज आहे त्यालाही आपल्या विभक्त्या समजत नाहीत. म्हणून मराठीत लिहिणाऱ्याला माझं सांगणं, शब्द स्वतः लिहा, आकडा फक्त मशीनकडून घ्या. त्यासाठी हायपररेफमध्ये चांगली सोय आहे, लेबल द्यायचं आणि लिंकचा मजकूर आपला आपण लिहायचा, आणि त्या मजकुराच्या आत आकडा हवा तर तारांकित (* लावलेला) रेफ वापरायचा, म्हणजे लिंकच्या आत दुसरी लिंक होत नाही. माझी ओळ आता अशी येते, ‘चाल : आरती ६ प्रमाणे, पान १८ वर’, आणि ही अख्खी ओळ एकच लिंक.

अख्खी ओळ का, तर काकांच्या बोटामुळे. काका ७६ वर्षांचे आहेत, त्यांनी आयुष्यभर घुमट वाजवलंय, बोटं जाड आणि घट्टे पडलेली. पहिल्या फाइलमध्ये फक्त ‘१८’ एवढीच लिंक होती, म्हणजे तो अदृश्य चौकोन तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी चार वेळा दाबलं, एकदाही लागलं नाही, आणि फोन बाजूला ठेवून त्यांनी वही मागितली. मला तेव्हा वाईट वाटलं पण त्यांचं बरोबर होतं.

ओळ मोठी केली, लिंक लागली, उडी बरोबर पडली. काकांनी चाल बघितली, मान डोलावली, आणि मग मला विचारलं, “मागीर परत कशें येवप?”

नंतर परत कसं यायचं. ह्याचा मी विचारच केला नव्हता. वहीत उजव्या हाताने पान १८ उघडताना डावी तर्जनी आधीच्या पानात अडकवलेली असते, प्रत्येकजण न शिकवता ते करतो. कॉम्प्युटरवर ॲडोबीच्या रीडरमध्ये ऑल्ट आणि डावा बाण दाबला की आधीच्या जागी जाता येतं, पण फोनवर प्रत्येक ॲपचं वेगळं, काहींत परतीची सोयच नाही, आणि चॅटमध्येच उघडून बघितलं तर काही फोनवर लिंका चालतच नाहीत. मग तिथं लिहिलेला पानाचा आकडा तरी हाताशी हवा, म्हणून तो मी कधी काढत नाही, सगळं क्लिकने होतंय असं वाटलं तरी.

परतीसाठी मी प्रत्येक चालीच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ घातली, ह्या चालीवरच्या आरत्या : ११, १९, २३, ४०. प्रत्येक आकड्याभोवती भरपूर मोकळी जागा, बोटासाठी. म्हणजे ११ वरनं आलात तर ११ ला जा, २३ वरनं आलात तर २३ ला. काही शोधनिबंधांत संदर्भग्रंथांच्या यादीत प्रत्येक ग्रंथासमोर तो कुठल्या पानांवर आला ते छापतात, हायपररेफसोबत बॅकरेफ म्हणून तशी सोयही येते, तीच कल्पना. आणि ही ओळ लिहिताना पहिल्यांदा मला दिसलं की आजोबांनी कुठल्या चालीवर काय काय बसवलं होतं. समासातल्या सूचना एकाच बाजूने वाचल्या तर ते दिसत नाही. सहा नंबरची संथ चाल त्यांनी फक्त रात्रीच्या आरत्यांना लावली होती, सकाळच्या एकीलाही नाही. काकांना विचारलं तर म्हणाले हो, त्यांना ती रात्रीच आवडायची, आणि मग बराच वेळ आजोबांबद्दल बोलत बसले, मी काही विचारलं नव्हतं तेही.

आता फाइल चालवते तेव्हा सगळे आकडे बसतात, एक सोडून. वहीच्या शेवटाकडे एका आरतीवर आजोबांनी लिहिलंय, ‘चाल : आईची’. बस एवढंच, पान नाही. म्हणजे माझ्या पणजीची. ती चाल वहीत कुठंच नाही, काकांना येत नाही, ते म्हणतात आजी गेली तेव्हा ते पाळण्यात होते. मी तिथं रेफ लिहिलाय, लेबलला नावही देऊन ठेवलंय, ‘पणजीची-चाल’, पण ते लेबल लावायला जागा नाही, त्यामुळे दर वेळी शेवटी तीच सूचना येते की एक संदर्भ सापडला नाही, आणि पानावर ती दोन ठळक प्रश्नचिन्हं छापून येतात. चुलत भाऊ म्हणाला काढून टाक ते, चुकल्यासारखं दिसतं. मी नाही काढलं, गेल्या चवथीच्या छापील प्रतींतही ते तसंच गेलं.

डिचोलीला मोठी आते आहे, काकांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. परवा फोनवर म्हणाली, तिची आजी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणायची ते तिला थोडं आठवतंय, पण फोनवर नाही म्हणून दाखवणार, ये घरी. येत्या रविवारी मी आणि काका जातोय, काका घुमट घेऊन.